सुभेदारांची बेल

आमच्या शेजारचे सुभेदार वाघमारे स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. किल्ली गळ्यात दोरीला अडकवलेली असते; पण कोथिंबीर आणायला खाली उतरले, तरी परत येऊन बेल दाबणार आणि दारासमोर ताठ उभे राहणार. काकू अंघोळीला गेल्या असतील, तर त्यांची अंघोळ होईस्तोवर. तारनाक्याच्या उन्हाळ्यात, जिन्यात!

"अहो, किल्ली आहे ना तुमच्याजवळ?" मी एकदा न राहवून विचारलं.

"हौ, आहे की. पण आत जायच्या आधी वर्दी नक्को द्यायला?"

वर्दी! स्वतःच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर पोचवायला! फौजेतल्या माणसाचं डोकं असंच चालायचं, असं म्हणून मी विषय सोडला.

दुसरी गंमत म्हणजे, बायकोला अख्ख्या बिल्डिंगनं काकू म्हटलेलं चालतं, यांना मात्र काका म्हटलं की भडकतात. "काका नक्को! सुभेदार म्हणा, वाघमारे म्हणा, ओ म्हातारे म्हणा, चालतंय."

मागच्या रविवारी त्यांची लेक मंजिरी आम्हाला नारायणगुड्याला सिनेमाला घेऊन गेली. फौजी घरी परत येतो, अशी गोष्ट. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या घरीच थांबल्या आणि त्यांच्या तिकिटावर माझी वर्णी लागली.

सुभेदारांनी पहिल्या सीनपासून हिरोची हजेरी घेतली. "हा सॅल्यूट आहे की माशी हाकलतोय?" "अरे, बुटाची लेस बघ गाढवाची!" शेवटी पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "अंकल, हल्लू बोलो ना."

"अंकल नक्को!" सुभेदार गरजले. सगळं थिएटर हसलं. मंजिरीनं कपाळाला हात लावला.

मग हिरो घरी आला, दार ढकलून आत शिरला, आणि त्याचं लहानगं पोर किंचाळून आजीमागे लपलं. आता हे काय तारे तोडतात, म्हणून मी कान देऊन बसले. पण सुभेदार उठले आणि बाहेर निघून गेले.

इंटरव्हलला सापडले ते समोशांच्या काउंटरपाशी, समोसा न घेता उभे.

"बाबा, काय झालं?"

"चुकीचं दाखवलंय. असं एकदम आत शिरायचं नसतं. लेकरू घाबरतं." समोशांकडे बघत म्हणाले, "तू घाबरली होतीस. सुट्टीवर आलो, तुम्हाला चकित करावं म्हणून किल्लीनं दार उघडलं. 'आई, कोणीतरी काका घरात घुसले!' म्हणून ओरडलीस अन् पलंगाखाली जाऊन बसलीस. मी जिन्यात बसून जेवलो, तेव्हा कुठं बाहेर आलीस."

"मला तर काहीच आठवत नाही, बाबा."

"नक्को आठवू. मला आठवतं ना."

मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

राहिलेला सिनेमा आम्ही कुणी धड पाहिला नाही. घरी आल्यावर मंजिरी आमच्या पुढे पळत जिना चढली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मागून आम्ही पोचलो. सुभेदारांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि बेल दाबली.

दार सताड उघडलं. मंजिरी आत तोंड करून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, बाबा आले!"

सुभेदार आत गेले नाहीत. उघड्या दारासमोर तसेच ताठ उभे राहिले, आणि त्यांनी पुन्हा बेल दाबली.

"आई गं," मंजिरी आणखी मोठ्यानं ओरडली, "आपले बाबा आले!"