मिटलेल्या मुठीचा आशीर्वाद

या पोरांनो, दोन दिवस तुमच्याकडं आलेय तर असं जवळ येऊन बसा. अन् तो मोबाइल उपडा ठेवा जरा. म्हातारीचं बोलणं म्हणजे काय रेडिओ आहे, एका कानानं ऐकायला? किती वर्षं झाली, गावाकडं फिरकला नाहीत. मग आमचे शांतवन पाळकसाहेब तुम्हाला कुठून माहीत असणार?

जळकोटच्या आमच्या लहानशा चर्चचे हे पाळक. उपासना संपली की आशीर्वादाला दोन्ही हात वर करतात. उजवा पंजा उघडा, डावी मूठ गच्च मिटलेली. आमची सुलोचनाबाई दर रविवारी चपला शोधताना म्हणते, "आज बी अर्धा आशीर्वाद मुठीतच ठिवला बघा!"

साहेबांना तोंडदेखलं बोलता येत नाही. नाताळात माझ्या हातचं मटण खाल्लं अन् म्हणाले, "मावशी, मीठ जास्त झालंय. खरं ते खरं." भरल्या पंगतीत! मी दोन दिवस बोलले नाही.

चर्चमागच्या माळावर आमची तरुण पोरं रविवारी क्रिकेट खेळायची अन् घंटा झाली की पसार व्हायची. आधीच्या पाळकांनी रागावून बघितलं, आम्ही रडून बघितलं. शांतवनसाहेब आले ते पहिल्याच रविवारी उपासनेचा पांढरा झगा घालून थेट माळावर. "तुमच्याकडं पंच न्हाय. माझ्याकडं झगा हाय."

खिशात सहा खडे. चेंडू पडला की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. घंटा झाली की पोरं घामेजलेली तशीच मागच्या बाकावर येऊन बसायची. तीही सहाच. कमिटीतले वडीलधारे कुरकुरले, "पाळक आणलाय का पंच?" साहेब म्हणाले, "मेंढरं चरतात तिथं मेंढपाळानं जावं. आपली मेंढरं बाउंड्रीपाशी चरतात, त्याला म्या काय करू?"

मग वरच्या आळीच्या पोरांशी मॅच लागली. शेवटचा चेंडू, दोन धावा हव्यात अन् बॅट माझ्या नातवाच्या, शमुवेलच्या हातात. चेंडू गेला तो मागं कीपरच्या हातात. साहेबांनी बोट वर केलं.

"साहेब, बॅटला लागलाच न्हाय!"

"लागला, शमुवेल. म्या आवाज ऐकला."

"तुमी आमचे पाळक का त्यांचे?"

"मॅच सुरू हाय तवर दोघांचा पंच. ह्या झग्यात उभं राहून खोटं कसं बोलू? खरं ते खरं."

शमुवेलनं बॅट टाकली ती तिथंच. पुढच्या रविवारी बाकावर पाचच पोरं. मी साहेबांवर लई चिडले. "एक बोट खाली ठिवलं असतं तर आभाळ कोसळणार होतं व्हय? माझं पोरगं चर्चमधी टिकलं असतं!"

महिन्याभरात शमुवेल पुण्याला कंपनीत लागला. पुढं बाकीचीही गेली, कुणी सोलापूरला, कुणी हैदराबादला. माळावर आता शेरडं हिंडतात. पण उपदेश चालू असताना साहेबांच्या खिशात खडे अजून वाजतात. आम्हाला वाटायचं, वेळ मोजत असतील. तसं असतं तर उपदेश लवकर नसता संपला?

परवा शनिवारी चर्च झाडायला गेले, तर साहेब एकटेच मागच्या बाकावर. डोळे मिटलेले. एका पोराचं नाव घ्यायचे, त्याच्यासाठी प्रार्थना करायचे अन् एक खडा डाव्या खिशात सोडायचे. पाच नावं झाली. मग म्हणाले, "शमुवेल." अन् तो खडा काही डाव्या मुठीतून सुटेना.

मी खाकरले. "साहेब, त्यालाच का अडकवून ठिवलंय?"

ते दचकले. "बोट बरोबर वर केलं, मावशी. पण तुमच्या दारात यायला म्या महिना लावला. म्हणलं, चूक त्याची, येईल त्योच. पाळक असून रुसून बसलो. आलो तवा तुमी म्हणालात, कालच गेला."

"फोन करायचा की."

"उचलत न्हाय. बाकीच्यांच्या डोक्यावर हात ठिवून निरोप दिला. ह्याला तसाच जाऊ दिला. मग खडा कसा सोडू?"

इतके दिवस मला वाटत होतं, पोरगं माझ्या एकटीचंच गेलं. मागचा बाक पुसायला फडकं घेतलं, तर बाक साहेबांनी आधीच पुसलेला.

ईस्टर झाला की साहेबांची बदली आहे. तेव्हा लवकर या. सोलापूरहून उमरग्याकडं जाणाऱ्या एसटीत बसा, जळकोटला उतरा अन् माझं, रूथआज्जीचं, घर विचारा. रविवारी जेवायलाच या, मीठ आता बेतानं घालते. अन् शमुवेल माझं ऐकत नाही, पुण्यात कुठं दिसला तर त्याला संगं आणा. म्हणावं, आऊट तू होतासच. पण साहेबांच्या मुठीत तुझं काहीतरी राहिलंय, तेवढं येऊन घेऊन जा.