हा देव नाही, अर्थिंग आहे

अंबादासकाका रोज सकाळी अंघोळ उरकून ओलेत्याने अंगणात येतात आणि जमिनीतून हातभर वर आलेल्या एका लोखंडी पाइपाला तांब्याभर पाणी घालतात. पाण्यात मूठभर खडेमीठ असतं. पाणी घातलं की पाइपाकडे एकटक बघत उभे राहतात आणि त्यांचे ओठ हलत असतात. नरसीच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, शेजार धार्मिक मिळाला.

तो पाइप म्हणजे घराच्या विजेचं अर्थिंग होतं. ओठ हलत होते ते पाणी किती वेळात जिरतं हे मोजायला. खाली खड्डा, खड्ड्यात कोळसा आणि मीठ, आणि तो खड्डा वाळू द्यायचा नाही, हा काकांचा नेम.

काकांची सारी नोकरी हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनीत गेली. विजेशी त्यांचा संबंध बल्ब बदलण्यापुरता. तोही बदलताना खाली बायकोने स्टूल धरायचं. असा माणूस निवृत्तीनंतर मोबाइलवरून एक डबा मागवतो. परदेशातल्या कुठल्याशा नामी यंत्राची ती स्वस्तातली नक्कल. माईकमधलं बारीक बोलणं मोठं करायचं आणि पुढच्या चक्र्या फिरवून त्याचा जाड-बारीकपणा ठरवायचा, एवढं त्याचं काम. ते काम तो करतही असे. पण सोबत एक घुंईऽऽ असा आवाज काढत असे, आणि हा आवाज कुणी मागितलेला नव्हता.

"घुंई थोरली," काकांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. "ती जाडी. चक्री इकडं फिरवली की ती गप होती. पण मग सुंई सुरू. ती धाकटी. दोघी जावा हाईत, बाई. एकीला गप करावं तं दुसरी तोंड उघडती. बराबर?"

बराबर हा त्यांचा लाडका शब्द. आपणच बोलायचं, आपणच 'बराबर?' विचारायचं आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपणच 'बराबर' म्हणून टाकायचं.

घुंई कुठून येते हे शोधण्यासाठी काकांनी गल्लीतल्या एकाही घराला सोडलं नाही. एके दुपारी माझ्या दारात उभे. "बाई, फ्रिज चालू हाय का तुमचा? जरा बंद करा. घुंई येऊन राहिली." मी बंद केला. ते जे गेले ते गेलेच. संध्याकाळी आठवण झाली तोवर दूध नासलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतः दुधाची पिशवी घेऊन आले आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणाले, "तुमचा फ्रिज निर्दोष हाय." एवढ्यावर प्रकरण मिटलं नाही. त्यानंतर माझ्या पंख्याच्या रेग्युलेटरवर खटला चालला, मग ट्यूबलाइटवर, मग समोरच्या पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाल्याने मात्र त्यांना उभं करून घेतलं नाही.

मग कुणीतरी सांगितलं की डब्यातला ट्रान्सफॉर्मरच घुंई करतो, त्याला लोखंडी पत्र्यात कोंडून लांब ठेवा. काकांनी काकूंचा पापडांचा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि ट्रान्सफॉर्मर त्यात घातला. पापड खाटेवर वर्तमानपत्रात आले. घुंई थोडी दबली. पापड सादळले.

वत्सलाकाकू या सगळ्यावर चकार शब्द काढत नसत. काकांना बोलवायचं झालं की स्वयंपाकघरातून पळीने ताट वाजवायच्या. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण, आणि थांबलाच नाही तर घरात पाहुणे. मला वाटलं, नवऱ्याच्या खुळाला कंटाळून बाईने अबोला धरलाय. पापडांच्या दिवसापासून मी तर पूर्णपणे त्यांच्या बाजूची होते.

एकदा विरजण मागायला गेले, तेव्हा काकू माझ्या अगदी जवळ आल्या आणि माझ्या कानात काहीतरी कुजबुजल्या. मला ऐकू आलं नाही. "काय?" मी विचारलं. त्या पुन्हा कुजबुजल्या. "काय म्हणलात, काकू?" त्यावर त्या हसल्या, राहू दे अशी मान हलवली आणि विरजणाची वाटी माझ्या हातात ठेवली.

त्यांची लेक अर्चना तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. तिने मला अंगणात आणून सांगितलं. काकूंच्या गळ्यात गाठ होती. नांदेडला नेऊन ऑपरेशन केलं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज परत आला नाही. उरली ती एवढीशी कुजबुज.

"आईचा पहिला आवाज तुमी ऐकायला पायजे होता, मॅडम," अर्चना म्हणाली. "मी देवळापाशी खेळत असायची अन् ही दारातून हाक मारायची. बाबा कानावर हात ठेवून म्हणायचे, हळू बोल की जरा, गाव ऐकून राहिलं."

ते 'हळू बोल की जरा' काकांनी संसारभर म्हटलं होतं. गल्लीत कुणाकडे बारसं असलं की पाळणा काकूंनीच म्हणायचा, आणि तो पलीकडच्या गल्लीतल्या पाळण्यातल्या लेकरालाही फुकट ऐकू जायचा. ऑपरेशननंतर लोक 'काय? काय?' करू लागले. वाईट मनाने नाही, मी केलं तसंच. काकू दोनदा सांगायच्या, तिसऱ्यांदा हसून सोडून द्यायच्या. हळूहळू त्यांनी पहिल्यांदाही सांगणं सोडलं. एकट्या काकांनी त्यांना कधी 'काय?' विचारलं नाही. ऐकू आलं नाही तर अंदाजाने धावतात. साखर मागितली तर मीठ आणून देतात, चष्मा मागितला तर छत्री. पण विचारणार नाहीत.

अर्चनाला मुलगी झाली. सव्वा महिन्याने बारसं ठरलं, आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो पाळणा कोण म्हणणार. काकूंनी हातानेच खूण केली, दुसऱ्या कुणाला सांगा. त्या दिवशी काकांनी तांब्यात दोन मुठी मीठ टाकलं.

आपल्या नातवंडाचा पाळणा आजीनेच म्हणायचा, आणि तो साऱ्यांना ऐकू गेला पाहिजे, यासाठी तो डबा आणि ती सगळी यातायात होती, हे मला तेव्हा कळलं. मी जरा वरमलेच. "अहो, पण आवाज मोठा करायचा तर मोठा स्पीकर आणा की," मी म्हटलं.

"तसं न्हाई, बाई. तिचा आवाज अन् घुंई एकाच उंचीच्या हाईत. तिला उचलायला गेलं की घुंई आधी कडेवर येऊन बसती. तिचा आवाज गेला म्हणतात लोकं. गेला न्हाई. हाय. घुंईखाली दबून हाय." यावर त्यांनी 'बराबर?' विचारलं नाही.

एकदा त्यांनी काकूंना माईकसमोर बसवलंही. काकूंनी तोंड उघडायच्या आत स्पीकरमधून घुंईऽऽ सुरू झाली. काकूंनी माईक खाली ठेवला, आत गेल्या आणि ताटावर एक ठोका दिला. चहा.

इकडे अंगणात निराळीच भानगड झाली होती. आमची गल्ली देवळाच्या वाटेवर. येणारे-जाणारे भाविक बघतात, एक वृद्ध गृहस्थ पाइपाला भक्तिभावाने पाणी घालून राहिलेत. एके दिवशी पाइपावर हळदीकुंकू दिसलं. मग फूल दिसलं. एका जीपमधून उतरलेल्या बायकांनी मला विचारलं, "बाई, ह्यो कोन्ता देव व्हय?" आता काय सांगणार? शेवटी काकांनी पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून पाटी रोवली : हा देव नाही, अर्थिंग आहे. आठवडाभरात पाटीवरही कुंकू लागलं.

त्याहून वाईट म्हणजे शनिवारच्या शनिवारी पाइपाला तेल-शेंदूर लागू लागला. काका चिडले. "कोण बाईमाणूस हाय कोण जाणे! पाटी दिसत न्हाई का?" त्यात मीठपाण्याने अर्थिंग पक्कं होऊन एकदा मंदावलेली घुंई पुन्हा चढू लागली होती. वायरी बदलल्या, माईक बदलला, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणली. घुंई हलेना. बारसं आठवड्यावर आलं.

त्या शनिवारी मी सकाळी गच्चीवर वाळवण घालायला गेले. खाली अंगणात काकू होत्या. हातात वाटी. बोटाने पाइपाच्या डोक्यावर, वायर जिथे बोल्टाने आवळली होती तिथे, नीट निगुतीने तेल-शेंदूर लावत होत्या. मग हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलत होते. गच्चीवरून काय, शेजारी उभी असते तरी मला ऐकू आलं नसतं. पण काय मागत होत्या ते कळायला ऐकू यायची गरज नव्हती. घरधन्याच्या हातून ते काम होऊ दे, एवढंच असणार.

त्या आत गेल्या, आणि माझं लक्ष न्हाणीच्या दाराकडे गेलं. तिथे काका उभे होते, ओलेत्याने, हातात तांब्या. त्यांनीही सगळं पाहिलं होतं. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

नंतर त्यांनी मला बोलावून बोल्ट दाखवला. तेल-शेंदराचा बोटभर थर, त्याखाली गंज, आणि वायर नुसती नावाला टेकलेली. अर्थिंग जवळजवळ तुटलंच होतं. "घुंई इथं घर करून बसली होती," काका म्हणाले.

"मग सांगा ना काकूंना, नका लावू म्हणून."

"काहून?" त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. तोंड आधीच कोरडं होतं. "मी तिच्यासाठी पाणी घालून राहिलो, ती माझ्यासाठी शेंदूर लावून राहिली. असू द्या हो, बाई."

त्यांनी घरामागे, भांडी घासायच्या दगडापाशी, जिथे कुणाला देव सुचणार नाही अशा जागी नवा खड्डा खणून घेतला. नवा पाइप, नवी वायर. पुढच्या पाइपाची वायर सोडवली. संध्याकाळी पाहिलं तर पाटीही उपटलेली होती. मात्र दुसऱ्या सकाळी काका पुन्हा त्या जुन्या पाइपाला पाणी घालत होते. "न्हाई घातलं तं तिला कळंल ना," ते म्हणाले.

बारशाच्या सकाळी त्यांनी मला हाताला धरून स्पीकरपाशी नेलं. डबा चालू केला, चक्री पार टोकाला नेली. "ऐका."

मी कान लावला. "काहीच ऐकू येत नाही."

"बराबर!" काका एवढ्या जोरात ओरडले की पाळण्यातलं लेकरू दचकून रडायला लागलं.

आत बायका जमल्या. अर्चनाच्या नणंदेने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, गौरी. मग सगळ्या काकूंकडे बघू लागल्या. काकू नको नको करत होत्या. अर्चनाने माईक ओठांपाशी धरला. काकूंनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सुरू केलं.

तो पहिला आवाज नव्हता. सूर फारसा नव्हताच, श्वासच जास्त होता. पण शब्दन् शब्द कळत होता, दारातल्या बाईलाही आणि अंगणात मांडवाखाली बसलेल्या पुरुषांनाही. कुणीही 'काय?' म्हटलं नाही. मी काही रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी मला डोळ्यांना पदर लावावा लागला. पाळणा संपता संपता गौरी झोपली.

बाहेर काकांना मात्र आता राहवेना. ते मांडवात उभे राहून व्याह्यांना मीठ, कोळसा आणि अर्थिंग यांची महती सांगत होते, हातवारे करत, खणखणीत आवाजात, दर वाक्याला बराबर. आत काकूंच्या हातात अजून माईक होता. अंगणातल्या स्पीकरमधून साऱ्या मांडवाला ऐकू आलं :

"अवो, हळू बोला की जरा. लेकरू झोपलंय."

मांडव हसला. काका बोलायचे थांबले. खुर्ची चाचपत खाली बसले, उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि खिडकीकडे तोंड करून, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं, "काय? काय म्हणलीस? मला ऐकू न्हाई आलं."

काकूंनी पुन्हा सांगितलं.