मीठ जरा कमी हाय

आमचे नामाकाका माती चाखतात. आपण आमटी चाखतो तशी. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, पचकन थुंकायचं आणि शेताला शिवी हासडायची, "आज पन खारटच!"

काका कोन गावात माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. खाडीचा बांध फुटला, भरतीचं पाणी शेतात शिरलं आणि जमीन खारावली. बाकीच्यांनी भराव टाकून गोडाऊनं उभी केली. मधे काकांचा तुकडा तेवढा उरला, पांढराफटक. तिथे भातामागून वाल व्हायचा. आता टाकलेलं बी मातीतच कुजतं.

मग एका शिबिरात त्यांना कुणी तरी सांगितलं, की पेरायच्या आधी बी हलक्या मिठाच्या पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा, खाऱ्या जमिनीत उगवायला बळ येतं. झालं! पलंगावर वाल, खुर्चीवर वाल, बसायची सोय नाही. "पोराला कामाला धाडायच्या आधी घरातच दोन शिव्यांची सवय लावावी, तसं हाय हे," म्हणायचे.

प्रेशरपायी डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलेलं. पण कुणाकडेही जेवायला बसले की पहिल्या घासाला ठरलेलं, "मीठ जरा कमी हाय गो." अहो, माझ्या सासूच्या बाराव्यालासुद्धा! मला असा संताप आला होता, की ताटावरून उठवणारच होते.

भिजवण्याचा त्यांचा नियम एकच. बी फुगलं पाहिजे, मोड दिसता कामा नये. "मोड आला की नापास." नापास वाल माझ्याकडे यायचे, बिरड्याला. ते बाजारचे. काकांच्या वारलेल्या बायकोनं, हिराकाकीनं, राखून ठेवलेलं बी मात्र मडक्यात राखेत होतं. मूठभरच. त्याला हात लावायची मला बंदी. "रीत जमली का हिराचं बी काढीन," म्हणायचे.

यंदा बाजारच्या वालाचे चार कोंब त्या खाऱ्या मातीतून वर आले. काका माझ्या दारात उभे राहून ढसाढसा रडले. दुसऱ्याच दिवशी घेरी येऊन पडले ते थेट दवाखान्यात.

ते घरी येणार त्या दिवशी मी शिफ्टवरून आले ती त्यांचं घर झाडायला गेले. ओल्या फडक्यात वाल होते, चांगले लांब मोड आलेले. नापास! म्हटलं, माणूस दवाखान्यातून येतोय, गरम बिरडं घालू. सोलले, शिजवले. डॉक्टरांच्या हुकमानं मीठ अजिबात घातलं नाही.

काका ताटावर बसले आणि नुसते बघत राहिले.

"फडक्यातलं?"

"हो. मोड आले होते ना."

त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. मीही तिकडे पाहिलं. मडकं पालथं होतं, शेजारी राखेचा ढीग.

"काका, हे काकीचं होतं? सगळं? अगं बाई, मी काय करून बसले हे!"

"मोड आलेला ना? मग नापास. त्यात तुझी काय चूक?"

मी ताट उचलायला वाकले. त्यांनी माझा हात धरला आणि बाजूला सारला. मग सावकाश, एकेक दाणा चावत सगळं संपवलं, बोटानं ताट पुसून घेतलं.

"मीठ बरोबर हाय गो," म्हणाले.