सहा खुर्च्या मावतील एवढं ऊन

सोमवारी अकरा पन्नासला बालदेफ्रियाच्या कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या ओवरीत उन्हाची तिरीप उतरली. खांबांच्या सावल्या फरशीवर लांब पडल्या. एलोय कॅमेऱ्याचं बटण दाबणार, एवढ्यात साग्रारिओ आजी त्या तिरिपीत घडीची खुर्ची उघडून बसल्या आणि त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं.

एलोय हा गावातला लग्नांचा फोटोग्राफर. नऊ वर्षं नवऱ्यामुलींच्या मावश्यांचे फोटो काढून तो थकला होता. आता कॅथेड्रलवर एक जाडजूड पुस्तक निघणार होतं. एकशेवीस फोटो, सगळे दगडांचे. दगड 'मला जरा बारीक दाखव' म्हणत नाहीत. पुस्तकाचं काम बघणाऱ्या फादर इलारिओंनी मात्र आधी नमुना मागितला होता. "शुक्रवारी दुपारपर्यंत एकच फोटो आण. खांब, ऊन, सावल्या. माणूस एकही नको. जमलं तर पुस्तक तुझं, नाहीतर माद्रिदहून माणूस बोलावतो."

ओवरीत ऊन रोज फक्त अर्धा तास यायचं. बाकी वेळ घंटाघराची सावली.

"आजी, दोन मिनिटं जरा सावलीत बसता का?" एलोय म्हणाला.

"सावलीत? जानेवारीत? मी तुझं काय घोडं मारलंय रे?"

"या उन्हाचा फोटो काढायचाय."

"काढ की. मी काय ते खाऊन संपवणार आहे?"

"पण तुम्ही फोटोत येताय."

"मग आधी सांगायचं ना मेल्या! केस विंचरून आले असते."

शेवटी आजी मोठ्या मनाने दोन कमानी पलीकडे जाऊन बसल्या. एलोयने कॅमेऱ्याचं तिकाटणं पुन्हा लावलं, भिंग बदललं, काच पुसली. तेवढ्यात ऊन आपल्या चालीने सरकत दोन कमानी पलीकडे गेलं. आजी जागच्या हलल्या नव्हत्या. अकरा हिवाळे त्या इथे येत होत्या.

मंगळवारी एलोय चक्क खोटं बोलला. "आजी, बसस्टँडच्या भिंतीला याहून झकास ऊन असतं म्हणे." आजी खुर्ची उचलून गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ ऊनही गेलं. दिवसभर ढग.

बुधवारी आजी परत आल्या, त्या बसस्टँडवरच्या सहा जणांना घेऊन. सगळ्यांच्या काखेत खुर्च्या. निवृत्त पोस्टमन बासिलिओकडे शिवाय डॉमिनोचा डबा आणि भाजलेली चेस्टनट.

"बसस्टँडच्या उन्हाचा फोटो आजवर कुणी काढलाय?" बासिलिओने खुर्ची मांडत विचारलं.

"नाही," एलोय म्हणाला.

"आणि इथल्या उन्हाचा फोटो काढायला तू तीन दिवस थंडीत उभा आहेस. मग चांगलं ऊन कुठलं? आम्ही काय खुळे आहोत?"

या बिनतोड युक्तिवादापुढे एलोयने घोडचूक केली. ऊन कुठल्या मिनिटाला कुठल्या कमानीत असेल याचा एक तक्ता त्याने रात्रभर बसून तयार केला होता. तो त्याने खिशातून काढला. "हे बघा, काका. बारा वाजून दोन मिनिटांनी ऊन पाचव्या कमानीत येतं. तुम्ही सगळे तोवर तिसरीत बसा, पाचवी मला सोडा."

बासिलिओने चष्मा लावून तक्ता वाचला, मग आजींनी वाचला, आणि सगळे उठून पाचव्या कमानीत जाऊन बसले. संध्याकाळी त्या तक्त्याची नक्कल औषधांच्या दुकानाच्या दारावर, सांधेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीशेजारी लागली.

गुरुवारी तीस माणसं आली. ऊन मात्र सहा खुर्च्या मावतील एवढंच. सुरुवातीला थोडी ढकलाढकली झाली, एक काठी उगारली गेली. मग कुणीतरी बेकरीत विचारतात तसं विचारलं, "शेवटचं कोण?" आणि क्षणात शिस्त आली. बालदेफ्रियात देवावर अविश्वास चालतो, रांगेवर चालत नाही. सहासहांची एक फेरी, पाच मिनिटं ऊन, की उठायचं. घड्याळ आजींच्या हातात. तक्ता त्यानेच केलेला, म्हणून उशिरा येणाऱ्यांना कमान कुठली ते सांगायचं काम एलोयला मिळालं.

शुक्रवारी तो हात जोडून सगळ्यांसमोर उभा राहिला. "आज शेवटचा दिवस आहे हो. मला फक्त एक मिनिट रिकामं ऊन द्या. नाहीतर मी जन्मभर लग्नांचेच फोटो काढणार!"

"लग्नात जेवण तरी मिळतं," बासिलिओ म्हणाला.

"एलोय," आजी म्हणाल्या, "रांग आहे. लाग."

तो लागला. त्याच्या पुढे तीस माणसं, म्हणजे पाच फेऱ्या. त्याची सहावी, शेवटची. बारा पंधराला पाचवी फेरी उठली, त्याच सुमारास फादर इलारिओ दारात आले. उन्हात आता खुर्ची नव्हती, माणूस नव्हता. तीस जण भिंतीला चिकटून श्वास रोखून उभे होते. दुसऱ्याच्या पाळीत कुणी पायाचा अंगठाही उन्हात ठेवला नसता.

पाच दिवसांत असं ऊन एलोयने पाहिलं नव्हतं. सावल्या सुरीने कापल्यासारख्या. तो तिकाटणं घेऊन पुढे आला आणि ऊन त्याच्या पाठीवर पडलं.

पाच दिवस तो गारठलेल्या दगडांवर, सावलीत उभा होता. बोटं बधिर, नाक लाल. ऊन आधी खांद्यांत शिरलं, मग मणक्यातून उतरत थेट मोज्यांपर्यंत गेलं. त्याने कॅमेरा हळूच खाली ठेवला. मग स्वतःही खाली बसला. बारा सतराला त्याला वाटलं, आता उठावं. बारा एकोणीसला पुन्हा वाटलं, पण पहिल्याइतकं नाही. बारा वीसला घंटाघराने ऊन काढून घेतलं.

"निघाला का रे फोटो?" आजींनी विचारलं.

"नाही."

"मग पाच मिनिटं काय करत होतास?"

"ऊन खात होतो, आजी."

तीसच्या तीस माना समाधानाने हलल्या. आठवड्यात पहिल्यांदाच पोरगं शहाण्यासारखं बोललं होतं.

फादर इलारिओ झग्याच्या बाह्यांत हात खुपसून पुढे आले. कॅथेड्रलमधली त्यांची खोली उत्तरेला होती, तिथे हिवाळाभर ऊन फिरकत नसे. "शुक्रवार शेवटचा, असं आपलं ठरलं होतं," ते म्हणाले.

"हो, फादर."

"ऊन इतकं चांगलं आहे?"

"फादर, काय सांगू!"

फादरांनी एक हात बाहीतून काढून फरशीला लावून पाहिला. "शुक्रवार काय, दर आठवड्याला येतो. प्रकाशाचा नीट अभ्यास करायला तुला मार्चपर्यंत वेळ लागेल, असं मी पुस्तकाच्या समितीला कळवतो." मग आवाज खाली आणून ते आजींकडे वळले. "साग्रारिओबाई, उद्या माझा नंबर कितवा लागेल?"

"रांग सकाळी लागते, फादर. ओळख चालत नाही."

शनिवारी सकाळी साडेनऊला फादर इलारिओ ओवरीत पहिले हजर होते. गायकवृंदाच्या दालनातली कोरीव अक्रोडी खुर्ची एकट्याला उचलवत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने ती एलोयने धरली होती. कॅमेरा घरीच होता. दोन्ही हात लागतील, असं फादरांनी त्याला रात्रीच फोन करून सांगितलं होतं.