तेविसाव्या नोंदीतलं चौथं नाव

लेकीला शोधनिबंध लिहायला दोन वर्षं लागली आणि त्याच्या शेवटची संदर्भसूची जर्नलच्या नियमांत बसवायला चार दिवस. घरात शांतता नांदली ती त्या दोन वर्षांत. चार दिवसांत जे काही झालं त्याला बाबा जबाबदार होते, असं आईचं म्हणणं, आणि आईचं म्हणणं खोडून काढायची या घरात पद्धत नाही.

बाबा कॉलेजच्या प्रयोगशाळेतले निवृत्त सहायक. तीस वर्षांपूर्वी तिथल्या सरांनी मुंग्यांवर संशोधन केलं, तेव्हा ट्रेमधल्या मुंग्या चिमट्याने मोजायचं काम बाबांच्या गळ्यात पडलं. चाळीस हजार दोनशे सहा मुंग्या, आणि एकही दोनदा मोजली नाही! सर भला माणूस. त्यांनी निबंधावरच्या सहा नावांत चौथं नाव बाबांचं घातलं. तो अंक बाबांच्या हातात आठवडाभर होता, मग कुणीतरी वाचायला नेला तो नेलाच. तेव्हापासून शेजारचे पोस्टमास्तर त्यांना 'मुंग्यावाले' म्हणत आले, आणि नाव छापून आल्याचा विषय निघाला की म्हणत, "असेल, असेल." हे "असेल, असेल" बाबांना तीस वर्षं सलत होतं.

आता लेकीचा निबंधही मुंग्यांवरच, आणि एकसष्ट संदर्भांत तेविसावा तो जुना निबंध. लेकीने कच्ची यादी दाखवली. बाबांनी चौथ्या नावावर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच राहू दिलं आणि चष्मा पुसायला म्हणून उठले ते थेट शेजारी गेले.

"या वेळी अंक आला की तुमच्या हातातच देतो," त्यांनी पोस्टमास्तरांना सांगितलं.

"द्या की! नाव दिसलं तर त्या दिवसापासून 'मुंग्यावाले' बंद. चार लोकांत साहेब म्हणेन तुम्हाला."

मग काय विचारता! बाबांनी जर्नलची नियमावली छापून आणली. चौदा पानं, त्यातली नऊ निव्वळ संदर्भ कसे लिहायचे यावर. मुंग्या मोजलेला माणूस तो. रोज तीन-चार पानं वाचायची, ती पक्की झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

"बाळ, सतराव्या नोंदीत वर्षापुढे स्वल्पविराम पडलाय. पूर्णविराम पाहिजे."

"बाबा, तो दिसणारे का कुणाला?"

"मला दिसला ना!"

लाल पेन्सिल घरभर फिरू लागली. आईने बाजाराची यादी दिली, तर ती दुरुस्त होऊन परत आली. आधी जिन्नस, मग वजन, मग दुकान, शेवटी पूर्णविराम. आणि सगळं अकारविल्हे. या भानगडीत बाजार बंद झाला.

"अहो, मला बटाटे शिजवायचे होते, छापायचे नव्हते!" आई कडाडली. बाबांनी मुकाट्याने पिशवी खुंटीला अडकवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दहाव्या पानापर्यंत आले होते. ते फिरायला गेले असताना लेकीने सहज पुढचं पान उलटलं आणि ते दोनदा वाचलं. अकराव्या पानावर लिहिलं होतं: लेखक तीनपेक्षा जास्त असल्यास पहिली तीन नावे द्यावीत, पुढे 'व इतर' असे लिहावे. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत दम भरलेला होता, की नियम मोडणारा निबंध न वाचता परत पाठवला जाईल.

"आई, बाबांचं नाव उडतंय गं. आणि ते तर शेजारी सांगून बसलेत!"

आईने क्षणभर विचार केला. "आण ते पान इकडे," ती म्हणाली. त्या पानाची तिने घट्ट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "आता ते नावही हलणार नाही आणि टेबलही."

पण सकाळी बाबांनी पान उलटलं. "दहानंतर एकदम बारा?"

"छापताना राहिलं असेल," आई तिकडून ओरडली. "काय अडलंय त्यावाचून?"

बाबांचं अडलं होतं. त्यांनी सरळ जर्नलच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंना गहिवरून आलं असावं, कारण नियमावली इतकी मन लावून वाचणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी अख्खं अकरावं पान फोनवर सावकाश वाचून दाखवलं. बाबांनी उतरून घेतलं, आभार मानले आणि लाल पेन्सिलीला टोक काढलं.

चौथ्या नोंदीतली दोन नावं उडाली. नवव्यातली पाच. पंधराव्यातली तब्बल अकरा. लेक दारात उभी. तेविसाव्या नोंदीवर पेन्सिल आली आणि थांबली.

"बाबा, तेवढी एक नोंद राहू द्या. एका नावाने काय होतंय?"

"एका मुंगीने काय होतंय, असं मी म्हटलं असतं तर?" बाबा मान वर न करता म्हणाले. "परत पाठवतील गं. दोन वर्षं घातलीस तू यात."

"मग आभारात तरी घालते तुमचं नाव."

"आभार घरच्यांचे मानतात, बाळ. मी संदर्भ आहे."

त्यांनी पट्टी लावून चौथं, पाचवं, सहावं नाव खोडलं. रेघ जराही हलली नाही. पुढे सुवाच्य अक्षरात 'व इतर' लिहिलं आणि पूर्णविराम दिला. आईने वाकून टेबलाखालची घडी काढली आणि निमूटपणे त्यांच्यासमोर ठेवली.

"कळलं होतं मला," बाबा म्हणाले. "हे टेबल इतक्या वर्षांत आजच शहाण्यासारखं उभं होतं."

निबंध त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या मुदतीच्या आत गेला आणि चार महिन्यांनी छापून आला. अंक आला त्याच दिवशी पोस्टमास्तर हजर. बाबा ते टाळतील असं लेकीला वाटलं होतं, पण त्यांनी स्वतःच अंक उघडला आणि तेविसाव्या नोंदीच्या शेवटी बोट ठेवलं.

"हे काय? 'व इतर'?" पोस्टमास्तरांनी चष्मा वर-खाली केला. "अहो, हे कुणीही असेल!"

"कसं कुणीही असेल? होतो आम्ही सहा. तिघं वर छापलेत. पाचवे जाऊन दहा वर्षं झाली, सहावे गेल्या उन्हाळ्यात गेले." बाबांनी बोट उचललं नाही. "आता 'इतर'मध्ये मी एकटाच उरलोय."

पोस्टमास्तरांनी ते दोन शब्द पुन्हा वाचले. "असेल, असेल" त्यांच्या ओठांवर आलं नाही.

"अख्ख्या नोकरीत इतका अपुरा पत्ता मी पाहिला नाही," ते अखेर म्हणाले. "पण टपाल बरोबर माणसालाच पोचलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत चार माणसं उभी होती. पोस्टमास्तरांनी कुंपणापलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "काय इतरसाहेब, चहा झाला का?"

बाबा ताठ मानेने घरात आले. "ऐकलंस? साहेब म्हणाला!"

"आणि त्याआधी 'इतर' म्हणाले ते?" आईने विचारलं.

"ते तर माझं नावच आहे," बाबा म्हणाले. "छापील."