तळ्याकाठची खिडकी

“अर्ज मिळाला. निर्णय आठ दिवसांत कळवण्यात येईल,” असं चार नंबर बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की समोर कोणी नागरिक नाही, आपली मुलगी उभी आहे.

“बाबा, मी अर्ज नाही केलाय. गेम घेऊ या का, एवढंच विचारलंय.”

“हो, तेच ते,” चार नंबर म्हणाले आणि बूट काढायला खाली वाकले. वाकल्यावर पुन्हा उठायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

चार नंबर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयातल्या चौथ्या तक्रार खिडकीत माणूस बावीस वर्षं बसला, की खिडकीचा नंबर त्याला चिकटतो. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजाऱ्याच्या घरात शिरतंय, असं सगळं ऐकून घ्यायचं, वहीत लिहायचं आणि कागदाच्या चिटोऱ्यावर तक्रार क्रमांक द्यायचा, हे त्यांचं काम. तक्रार दूर करणं हे त्यांचं काम नव्हतं. ते कोणाचं होतं हे त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं. शेजारच्या पाच नंबरच्या खिडकीवरचा गृहस्थ अकरापासून चारपर्यंत “साहेब जेवायला गेलेत” एवढ्या एका वाक्यावर नोकरी करत होता. चार नंबरांनी मात्र ते वाक्य कधीही तोंडातून काढलं नव्हतं. घरी आल्यावर रोज संध्याकाळी ते पाच नंबरच्या नावाने बोटं मोडत, आणि मायलेकी दोघी ते ऐकून घेत.

आता बबडीचं म्हणणं असं होतं, की ‘सप्तसरोवर’ नावाचा एक नवा ऑनलाइन खेळ निघालाय, जगभरचे लोक त्यात एकत्र खेळतात, सात दिवस फुकट आहे आणि मग दरमहा वर्गणी. वर्गणीचा आकडा ऐकून चार नंबरांनी मनातल्या मनात त्याच्या चपला केल्या. दर महिन्याला एक बऱ्यापैकी जोड.

“आणि ‘जोडी योजना’ घेतली तर तेवढ्याच पैशात दोघांना खेळता येतं,” बबडी म्हणाली.

“दुसरा कोण खेळणार?”

“असेल कोणीतरी,” बबडी म्हणाली आणि भिंतीकडे बघायला लागली.

“अहो, मला नका विचारू,” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि तिच्या मते एक जग मुलांच्या डोक्यात घालता घालताच नाकी नऊ येतात, दुसरं कशाला हवंय? “बापलेकींनी काय ते ठरवा.”

“बाबा, तूच खेळून बघ ना. सात दिवस. नाही आवडलं तर नाही म्हण, मी परत नाव काढणार नाही.”

हे मात्र चार नंबरांना पटलं. वस्तू तपासल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा त्यांचा खाक्या होता. सोमवारी ऑफिसातून आल्यावर ते हॉलमधल्या संगणकासमोर बसले. खेळातलं सोंग निवडायचं होतं. योद्धा, जादूगार, शिकारी, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी जायची घाई होती. शेवटी एक पोक काढलेला कोळी दिसला. त्याच्या हातात गळ होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

“हा द्या मला,” चार नंबर म्हणाले.

कोळी एका तळ्याकाठी जाऊन बसला. पाणी हलत होतं. लांब कुठेतरी लढाया चालल्या होत्या, पण त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. अर्धा तास गेला. कोणी काही विचारलं नाही. एक मासा लागला, तोही काही बोलला नाही. चार नंबरांच्या मानेतली ती शीर, जी बावीस वर्षं ताठ होती, ती हळूच सैल पडली. दिवसातला एक तास कोणी आपल्याला काही सांगू नये, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती, आणि ती चक्क पुरी होत होती. दरमहा एक जोड चपला म्हणजे काही फार नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

मंगळवारी एक योद्धा चिलखत खडखडवत तिथून चालला होता. सहज थांबला आणि त्याने लिहिलं, “काय वैताग आहे राव. माझा घोडा पुलात अडकलाय. अर्धा वर, अर्धा खाली.”

यावर ‘अरेरे’ म्हणून गप्प बसायचं, हे कोणीही सांगेल. पण चार नंबरांची बोटं त्यांना न विचारता चालायला लागली.

“कधीपासून अडकलाय? याआधी तक्रार केली होती का?”

“सकाळपासून. नाही केली.”

“आपली तक्रार नोंदवली आहे. तक्रार क्रमांक एक. कृपया क्रमांक जपून ठेवा.”

योद्ध्याने गुडघा टेकून आभार मानले आणि निघून गेला. आणि बुधवारी सकाळी घोडा आपोआप सुटला. तो कसा सुटला कोण जाणे. खिडकीवरच्या निम्म्या तक्रारीही अशाच आपोआप सुटायच्या, पण तिथे त्याचं श्रेय कोणी देत नसे. योद्ध्याने मात्र गावभर दवंडी पिटली. बुधवारी संध्याकाळी चार नंबर आले, तर तळ्याकाठी अकराजण उभे होते.

“लोहार दुकानात कधीच नसतो हो!”

“माझी तलवार तळ्यात पडली, ती परत मिळेल का?”

“ड्रॅगन आठला येणार म्हणाले होते, साडेनऊला आला. आम्ही जेवायचं कधी?”

“एकेक जण बोला,” चार नंबरांनी लिहिलं. गळ बाजूला ठेवताना त्यांना जरा वाईट वाटलं. पण फार नाही, कारण दोनच मिनिटांची गोष्ट होती.

गुरुवारी रांग टेकडीपर्यंत गेली. एक जादूगार मध्येच अदृश्य होऊन पुढे घुसला, त्यावरून हाणामारी झाली. चार नंबरांना दोन रांगा कराव्या लागल्या, एक नव्या तक्रारींची, एक जुन्यांच्या चौकशीची. एका हुशार बाईने रांगेशेजारी मशाली विकायचं दुकान टाकलं. एका राक्षसाने “तुमच्या वरच्या साहेबांशी बोलायचंय” असा हट्ट धरला आणि चार नंबर त्याला सवयीने म्हणाले, “साहेब दौऱ्यावर आहेत.”

“अहो, जेवायला येताय ना?” बायको तिसऱ्यांदा विचारत होती.

“एवढा एक उंदीर संपवतो.”

“उंदीर मारायचेत का आता?”

“मारायचा नाही गं. त्याच्या बिळाची मापं चुकलीत म्हणतोय.”

बायकोने पडद्यावर डोकावून पाहिलं. त्या अफाट रांगेकडे बघून ती म्हणाली, “एक खिडकी कमी पडत होती वाटतं तुम्हाला.” आणि ताट झाकून ठेवलं.

त्यातच पांढऱ्या झग्यातली एक बाई आली. तिच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘मदतनीस’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे ही खुद्द कंपनीची माणूस. चार नंबरांना घाम फुटला. आता आपल्याला हाकलणार, असं त्यांना वाटलं, आणि खरं तर त्यांना बरंच वाटलं.

“आपण नवीन विभाग का?” बाईने विचारलं. “आम्हाला कोणी कळवलंच नाही.”

“नाही हो मॅडम. मी मासे पकडायला आलो होतो.”

“आमच्याकडे चौदाशे तक्रारी पडून आहेत. आम्ही दोघीच आहोत. परवापासून नीट जेवले नाहीये मी.”

दुसऱ्या कोणाला या वाक्यात फक्त रडगाणं दिसलं असतं, पण चार नंबरांना तिची खुर्ची दिसली, गार झालेला चहा दिसला आणि मानेतली शीर दिसली. पुढे जे झालं त्याचं मूळ या कळवळ्यात होतं.

“पाठवा थोड्या इकडे,” त्यांनी लिहिलं.

शुक्रवारी चौदाशे आले.

त्या दिवशी ऑफिसात नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून एक आजी रडकुंडीला आल्या होत्या. चार नंबरांनी वही उघडली, पेन टेकवलं आणि विचारलं, “त्या वेळी तुम्ही घोड्यावर होता का?” आजींनी काचेतून त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही दोन दिवस रजा घ्या. मी पाण्याचं बघते काहीतरी.” पाच नंबरसुद्धा आपला डबा बंद करून बघायला आला. बावीस वर्षांत चार नंबरांना इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर निकाल जाहीर करून टाकला. “बबडे, तुझा खेळ तपासला. पैसे देण्यालायक नाही. इथे जे करतो तेच तिथे करायचं, आणि इथे निदान पगार मिळतो. उद्या सहाला मुदत संपते, तेवढी राहिलेली रांग संपवतो आणि बंद.”

बबडीने वाद घातला नाही. नववीतली मुलगी वाद घालत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कोणत्याही बापाला कळायला हवं होतं. पण चार नंबरांचं डोकं तक्रार क्रमांक अकराशे सहावर अडकलेलं होतं. ती फक्त “बरं” म्हणाली आणि मोबाईल घेऊन त्यांच्या मागच्या सोफ्यावर जाऊन बसली.

रविवारी दुपारपासून चार नंबर भराभर हात उरकत होते. पाच वाजत आले तेव्हा रांगेत एकच जण उरला. डोक्यावर टोपडं घातलेलं एक छोटं साळिंदर. त्याच्याकडे ना शस्त्र होतं ना सामान, नुसता एक गळ होता. हे साळिंदर चार नंबरांनी आधी पाहिलं होतं. गुरुवारपासून ते रांगेत उभं होतं, कोणी पुढे घुसलं तरी भांडत नव्हतं, आणि जेवायच्या वेळेला निघून जाऊन पुन्हा शेवटी येऊन उभं राहत होतं.

“बोला,” चार नंबरांनी लिहिलं. “तक्रार काय आहे?”

“बाबांबरोबर मासे पकडायचे होते. ते सारखे कामात असतात. आधी ऑफिसात असायचे, आता इथेपण.”

चार नंबर इतके थकले होते, की बोटं आपली चालतच राहिली.

“कधीपासून आहे हा त्रास?”

“सहावीपासून.”

“याआधी तक्रार केली होती का?”

“दोनदा. एकदा म्हणाले उद्या बघू. एकदा म्हणाले आईला विचार.”

“आपली तक्रार नोंद” एवढं लिहून बोटं थांबली. चार नंबरांनी ते वरपासून पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा वाचलं. खुर्ची गर्रकन फिरवायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी ती हळूहळू फिरवली. मागे सोफ्यावर बबडी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मोबाईल तोंडासमोर धरला होता आणि नाक लाल झालं होतं.

बावीस वर्षांत त्यांनी लाखभर तक्रारी लिहून घेतल्या असतील. त्यांतली एकही दूर करणं त्यांच्या हातात नव्हतं. ही पहिली तक्रार अशी आली होती, की जिच्यासाठी वरच्या साहेबांची सही लागणार नव्हती. आणि ही बाई चार दिवस रांगेत उभी होती. चार नंबरांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला ते उगाच खाकरले.

“जोडी योजनेतला दुसरा म्हणजे मी होतो होय?”

“मग काय आई?” बबडी मोबाईलमागून म्हणाली.

“आधी सांगायचं नाही का!”

“सांगायलाच तर रांगेत उभी राहिले. तूच म्हणालास, एकेक जण बोला.”

चार नंबर पडद्याकडे वळले. अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी पुसून टाकलं आणि लिहिलं, “दुसरं तळं माहितीये का तुम्हाला? जरा आडबाजूचं?”

साळिंदर टुणकन उडी मारून चालायला लागलं. कोळी गळ खांद्यावर टाकून त्याच्यामागे निघाला. डोंगर ओलांडून, बांबूच्या बनातून ते एका छोट्या तळ्यापाशी पोहोचले. तिथे कोणी नव्हतं. दोघं शेजारी बसले. बाहेर हॉलमध्ये बबडीनेही सोफ्यावरून उठून एक स्टूल ओढलं आणि त्यांच्या खुर्चीला लावून बसली.

सहाला दहा कमी असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, मग काय ठरलं? वर्गणीचं?”

“जोडी योजना घेतोय,” चार नंबर म्हणाले.

“कालपर्यंत पैसे देण्यालायक नव्हता ना?”

“काल मी चुकीच्या तळ्यावर होतो.”

वर्गणी भरून झाली. सहा वाजून गेले तरी तळं जागच्या जागीच राहिलं, पाणी हलत राहिलं. चार नंबरांची मान पुन्हा सैल पडायला लागली होती, एवढ्यात बांबूच्या बनातून चिलखत खडखडलं. धापा टाकत एक योद्धा आला. तोच तो, तक्रार क्रमांक एकवाला. त्याच्या हाताला आता घोडा नव्हता, नुसता लगाम होता.

“सापडलात एकदाचे!” त्याने लिहिलं. “तक्रारी इथेच घेतात ना आता?”

चार नंबरांचे दोन्ही हात आपसूक उठले. पण त्यांच्या आधी शेजारच्या साळिंदराच्या डोक्यावर शब्द उमटले.

“साहेब जेवायला गेलेत.”

योद्धा शेजारी बसलेल्या कोळ्याकडे बघत राहिला. कोळी पाण्याकडे बघत राहिला. पाच नंबरबद्दल आजवर जे जे बोललो, ते जरा जास्तच बोललो, असं चार नंबरांना वाटून गेलं.

“कधी येतील?”

“नक्की नाही सांगता येणार,” साळिंदराने लिहिलं.

हे उत्तर योद्ध्याच्या चांगल्या ओळखीचं असावं. त्याने एक मोठा सुस्कारा सोडला, लगाम गवतावर टाकला आणि तिथेच, त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून, पाण्याकडे तोंड करून बसला.