बापसाचा नाव काय?

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो ते ख्रिस्ती आणि आम्ही बौद्ध. त्यांच्या धर्मातलं काही चुकीचं लिहिलं गेलं तर जाणत्यांनी माफ करावं. पण परवा एक पत्र आलं, आणि तेव्हापासून गप्प बसवत नाही.

कुर्ल्याच्या गावठाणात आमच्या खोलीसमोर इनासमिस्त्रींची सुतारकामाची पडवी होती. या माणसाने मला कधी माझं नाव विचारलं नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी रंधा थांबवून त्यांनी मला हाक मारली.

"पोरा, बापसाचा नाव काय?"

"भिवा."

"आनि त्याच्या बापसाचा?"

"धोंडू."

"बरा."

झालं. त्या दिवसापासून मी 'भिवाचा पोर'. दूधवाला असो, पोस्टमन असो, खुर्ची दुरुस्तीला घेऊन आलेला टायवाला साहेब असो, सगळ्यांना हाच प्रश्न. साहेब बिचकले. बिचकण्यासारखंच होतं. कारण मिस्त्री जसे पाट आणि खुर्च्या करीत, तशाच शवपेट्याही करीत आणि कबरीवरचे लाकडी क्रूसही. क्रूसावर ते मेलेल्याचं नाव कोरीत आणि खाली 'बापूस अमुक'. बापाशिवाय क्रूस त्यांच्या हातून जात नसे.

गावठाणाच्या नाक्यावर एक दगडी क्रूस आहे. दर बुधवारी संध्याकाळी मिस्त्री तिथे मेणबत्ती लावून उभे राहत आणि जिवंत बापांची नावं मोठ्याने घेत. बुधवार का, तर तो त्यांच्या सां जुजेचा वार. जुजे म्हणजे येशूला वाढवणारा योसेफ. "तो बी सुतार, मी बी सुतार," मिस्त्री सांगत. "पोर त्याचा नव्हता, तरी सांबालला. त्याला बाप म्हनतात!" सोमवारी मात्र मेलेल्या बापांची नावं. गवळ्याचा बाप, साहेबाचा बाप, सगळ्या जातीधर्मांचे बाप त्या यादीत असत. माझे वडीलही बुधवारच्या यादीत होते. ते हसून म्हणत, "मिस्त्री, आमचा देवावर विश्वास नाही." मिस्त्री म्हणत, "तुजा नसंल. त्याचा तुज्यावर हाय."

मी बारावीत असताना वडील आठ दिवसांसाठी गावी गेले. एका सोमवारी संध्याकाळी मी नाक्यावरून येत होतो. मिस्त्रींचा आवाज कानावर आला: "भिवा, धोंडूचा पोर. त्याच्या आत्म्याला शांती दे."

माझ्या हातातली रॉकेलची बाटली पडली. आज सोमवार! धावत घरी गेलो. आई भाकरी थापत होती. मी नुसतंच "बाबा, बाबा" म्हणालो, तिला वाटलं गावाहून निरोप आला. तिने जो हंबरडा फोडला त्याने सगळी चाळ गोळा झाली. तेवढ्यात मिस्त्री डोळे पुसत दारात आले. काखेत क्रूस. त्याच्या आडव्या फळीवर सुबक कोरलेलं: 'भिवा. बापूस धोंडू.' सागाचं लाकूड.

"वैनी, पैसा घेनार नाय."

"अवं, कुनी सांगितलं तुमास्नी?" आई किंचाळली.

"दूधवाला बोलला. भिवा गेला."

"गावाला गेलं, गावाला!"

आयुष्यभर हातोडा ठोकून मिस्त्रींचे कान गेले होते. 'गावाला' हवेत विरलं होतं आणि 'गेला' तेवढं पोचलं होतं. ते उंबऱ्यातच मटकन बसले. तिसऱ्या दिवशी वडील ज्वारीचं पोतं घेऊन आले. मिस्त्रींनी त्यांना पाहिलं, गालाला हात लावून चाचपलं आणि रागाने म्हणाले, "तुज्यासाटी मी तीन मेनबत्त्या जालल्या, माहीत हाय?"

वडील पोट धरून हसले. क्रूसाची आडवी फळी तेवढी त्यांनी मागून घेतली, भिंतीला ठोकून तिच्यावर डबे मांडले. "माझं नाव अजून कुठं लागलं नव्हतं," म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात मी कॉलेजचा फॉर्म भरायला मिस्त्रींच्या पडवीत बसलो होतो. 'वडिलांचे नाव' या रकान्याशी आलो आणि सहज विचारलं, "काका, तुमच्या वडिलांचं नाव काय हो?" मला स्वतःलाच धक्का बसला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

रंधा थांबला.

"फादर."

"नाव विचारतोय, काका."

"त्येच. अनाथाश्रमाच्या दारान कुनी ठेवलेला मला. शालेच्या वहीन बापसाचा नाव पायजे, तं पाद्रीनं लिवला, फादर. आमी चालीस पोरं, सगल्यांचा बापूस फादर. मला वाटायचा, बापसाचा नाव ह्येच आसतं." ते हसले. "तीनदा पाद्री बदलला. तीनदा बापूस बदलला."

मग त्यांनी भिंतीशी उभा केलेला एक क्रूस फिरवून दाखवला. 'इनास' असं कोरलेलं, खाली 'बापूस', आणि पुढे वीतभर गुळगुळीत, मोकळी जागा.

"काय लिवू? फादर लिवला तं देवलातला पाद्री लाजंल."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. फॉर्म तसाच घेऊन घरी आलो.

मग मी शिकायला दूर, वसतिगृहात आलो. वडील रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकले, आणि परवा त्यांचं मला आलेलं हे पहिलंच पत्र. वाटेत फिरून बारा दिवसांनी पोचलं. जसंच्या तसं उतरवतो:

'चिरंजीवास आशिरवाद. इनासमिस्त्री गेले. गावाला नाही, खरंच गेले. त्यांचाच क्रूस काढला तर नावापुढं जागा मोकळी. पाद्रीनी विचारलं बापाचं नाव कोणास ठाऊक आहे का. कुणालाच नव्हतं. मग मी घरी येऊन डबे उतरवले. फळी कापली आणि भिवा तेवढा तिथं ठोकून दिला. मिस्त्री माझ्याहून वीस वरसांनी मोठे, लोक हसले. पाद्री हसले नाहीत. धोंडू घरी ठेवला आहे, तो तुझा आजा. बुधवारी मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या बापांची नावं घेतली.'